ड्राफ्ट्समन ते राजा : लाला दीनदयाळ

'इंजिनिअरिंग केलं आणि फोटोग्राफर झाला' ही स्टोरी आपल्याला एकदम आजकालची वाटते. थर्ड इयरला हप्त्यावर कॅमेरा घ्यायचा, फेस्टचे फोटो काढायचे, ते शटरस्टॉकवर नाहीतर आयस्टॉकवर टाकायचे, आणि पहिले डॉलर जमा झाले की घरी फोन करून सांगायचं की प्लेसमेंटला बसणार नाही. पुढचं महाभारत सांगायला नको! पण ही स्टोरी दीडशे वर्षं जुनी आहे. आणि तिचा हिरो खरोखरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, आपल्यासारखाच. फक्त त्याचं कॉलेज होतं रुरकी.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधना गावचा. घराणं जैन जवाहिऱ्यांचं. मुलाने मात्र हिरेमोती सोडून टी-स्क्वेअर हातात घेतला. रुरकीचं थॉमसन कॉलेज म्हणजे आजची आयआयटी रुरकी. १८४७ साली ते सुरू झालं ते मुळात गंगेच्या कालव्याच्या कामाला माणसं मिळावीत म्हणून. तिथे सर्व्हे, ड्रॉइंग, एस्टिमेट असं सगळं शिकून १८६६ साली दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्याच्या ऑफिसात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. सरकारी नोकरी, पक्की. सिव्हिलवाल्यांना एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगचा पेपर आठवत असेल तर त्यांना हे काम किती रंगतदार असतं ते वेगळं सांगायला नको. विटा किती, चुना किती, मजुरी किती. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

कॅमेरा त्यांच्या हातात आला १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. आज 'लवकर सुरुवात केली नाही तर संपलं' असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आता कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होतं ते बघूया, कारण इथे खरं इंजिनिअरिंग आहे. फिल्म नव्हती. काचेची पट्टी घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं ओतायचं, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. वाळली की गेली. म्हणजे हातात पुरती दहा-पंधरा मिनिटं, आणि इंदूरच्या उन्हात त्याहून कमीच! त्यामुळे फोटोग्राफरबरोबर काळा तंबू, बाटल्या, पाण्याचे पखाल, काचांच्या पेट्या आणि हमाल अशी छोटी वरातच निघायची. शिवाय तेव्हा एन्लार्जर वापरायची पद्धत नव्हती. काच कागदावर थेट ठेवून उन्हात छापायची, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठा कॅमेरा, मोठा तिवई स्टँड. छापायचा कागदही अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला. (हॉस्टेलच्या मेसमधली संडेची अंडी कुठे जातात ते मात्र अजून कळलेलं नाही.) पुढे १८८० च्या दशकात कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या प्लेट्स मिळायला लागल्या आणि हा तंबूचा त्रास सुटला.

इंदूरचा दरबार आपल्या होळकरांचा. तुकोजीराव होळकर (दुसरे) हे दीनदयाळांचे पहिले मोठे आश्रयदाते. त्यांच्यामुळे ओळख झाली ती सर हेन्री डेली यांच्याशी. इंदूरचं डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे. ते मध्य भारतातले इंग्रज सरकारचे एजंट होते. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधी दीनदयाळांना मिळाली. डेलींनंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांना जुन्या वास्तूंचं वेड. १८८२ मध्ये ते बुंदेलखंडात फिरले आणि दीनदयाळांना बरोबर घेतलं. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो, सांची असं काय काय त्या काचांवर उतरलं. त्यातूनच १८८६ साली 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे जाडजूड पुस्तक निघालं. पुस्तक ग्रिफिनच्या नावावर, फोटो दीनदयाळांचे.

इथे जरा थांबूया, कारण माझ्या मते दीनदयाळांची खरी हुशारी फोटो काढण्यात नाही, या पुढच्या गोष्टीत आहे. साहेबाला पुस्तक मिळालं, नाव मिळालं. पण काचा? निगेटिव्ह दीनदयाळांकडे राहिल्या! आणि काचेची निगेटिव्ह म्हणजे काय, तर एकदा कष्ट करायचे आणि मग ऊन असेल तितके दिवस छापत राहायचं. त्यांनी प्रत्येक काचेवर नंबर घातला, ठिकाणाचं नाव घातलं, आपलं नाव घातलं. सांचीचा तोच स्तूप आज एका कर्नलच्या अल्बममध्ये, उद्या एखाद्या संस्थानिकाच्या, परवा विलायतेला परत निघालेल्या मेमसाहेबांच्या. त्या काळी भारतात आलेला साहेब घरी जाताना 'व्ह्यूज' घेऊन जायचा. इमारतीसमोर स्वतः उभा राहून नव्हे, तयार फोटो विकत घेऊन. ही कल्पना दीनदयाळांची स्वतःची नाही, हेही सांगायला हवं. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड कंपनी त्यांच्या आधीपासून नंबर घातलेले व्ह्यूज कॅटलॉग लावून विकत होती (ती कंपनी २०१६ साली बंद झाली). पण साहेबांच्या या धंद्यात उतरून त्यांच्या बरोबरीला बसणारे भारतीय फार थोडे.

आजच्या ऑनलाइन एजन्सीज् म्हणजे याच गोष्टीची पुढची आवृत्ती. कॅनडात २००० साली आयस्टॉकफोटो सुरू झालं. न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंगरने २००३ मध्ये शटरस्टॉक काढलं ते स्वतः काढलेले सुमारे ३०,००० फोटो घेऊन. तिथे फोटो विकला जात नाही, वापरायचं लायसन्स विकलं जातं, आणि तोच फोटो हजार जणांना देता येतो. नंबर घातलेल्या काचेच्या जागी कीवर्ड लावलेली फाइल आली, एवढंच. कीवर्ड नीट न घातलेला फोटो कोणाला सापडत नाही आणि नाव न घातलेली काच ओळखू येत नाही, हेही सारखंच. फरक आहे तो पैशात. दीनदयाळ स्वतः छापायचे आणि स्वतः विकायचे, मधला माणूस नव्हता. शटरस्टॉकने २०२० साली आपली पद्धत बदलली आणि एका डाउनलोडचा सगळ्यात खालचा दर १० सेंटवर आणला. आपल्या हॉस्टेलमधले काही जण या व्यवसायात आहेत, त्यांनी हिशोब करावा की एका वडापावला किती डाउनलोड लागतील. मला तरी हसू येत नाही.

बरं, पण दीनदयाळांनी नोकरी कधी सोडली? लगेच नाही! कॅमेरा घेतल्यावर जवळजवळ दहा वर्षं ते दिवसा एस्टिमेट करत होते आणि उरलेल्या वेळात फोटो. १८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचे फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच सुमाराला हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडचं कामही सुरू झालं. तेव्हा कुठे, १८८० च्या दशकाच्या मध्यावर, चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने बांधकाम खात्याला रामराम केला. त्यांच्याकडे तोपर्यंत विकता येतील अशा काचांचा मोठा साठा होता. नुसती 'पॅशन' नव्हती, माल होता. घरी भांडण करायच्या आधी हा मुद्दा लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं.

मग सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. तिथे नुसतं फोटो काढणं नव्हतं, अख्खं वर्कशॉप होतं. छापणारे वेगळे, रिटच करणारे वेगळे, अल्बम बांधणारे वेगळे. त्यामुळे 'दीनदयाळ' अशी सही असलेला प्रत्येक फोटो त्यांनी स्वतःच काढला असेल असं नाही. ते एका माणसाचं नाव होतं तसं फर्मचंही. पोर्ट्रेट, लग्नं, शिकार, लष्करी कवायती, राजवाड्यांचे दिवाणखाने, जे म्हणाल ते. १८९४ मध्ये निजामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. ड्राफ्ट्समनचा राजा झाला तो इथे. त्याआधी १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षीसही मिळालं होतं. हो, त्याच वर्षी आणि त्याच शहरात, जिथे स्वामी विवेकानंद बोलले.

१८९२ साली त्यांनी हैदराबादला एक वेगळाच स्टुडिओ काढला, फक्त बायकांसाठी. पडद्यातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर कशा बसणार? म्हणून तिथे काम बघायला मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाई नेमल्या. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या किताबांपेक्षा जास्त आवडली. इथले फोटो घरच्यांसाठी होते, दुकानात लावायचे व्ह्यूज नव्हेत. नंबर घालून विकायच्या गोष्टी कुठल्या आणि नाही कुठल्या, याचा विचार त्या माणसाला करावा लागला असणार. आज एजन्सीज् फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी मागतात आणि आपण 'काय कटकट आहे' म्हणतो!

पण हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. निजामाच्या राज्यात आपला मराठवाडा होता. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचा मकबरा यांचे दीनदयाळांचे सुंदर फोटो आहेत. आणि १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ पडला तेव्हाचे औरंगाबादकडचे फोटोही आहेत. मदतकार्य चालू आहे हे दाखवण्यासाठी काढलेले. हाडांचे सापळे झालेली माणसं, मुलं, रांगेत बसवलेली, कॅमेऱ्याकडे बघणारी. त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. ते फोटो नसते तर आपल्याच माणसांचे ते हाल आपण कधी पाहिले नसते, हेही खरं. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. स्मशानासारखी शांतता आहे त्या फोटोंत, एवढं मात्र जाणवतं.

१८९६ साली त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला. टायमिंग बघा, त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि लोक शहर सोडून पळू लागले. आणखी एक संकट आवाज न करता येत होतं. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा काढला आणि १९०० मध्ये ब्राउनी, किंमत फक्त १ डॉलर. आता साहेब स्वतःच बटण दाबू लागला. त्यात हाफटोन छपाई आली, चित्रांची पोस्टकार्डं आली. जो व्ह्यू अल्बममध्ये डकवायला पैसे मोजून घ्यायचे तो पोस्टकार्डावर किरकोळ पैशांत मिळायला लागला. मोबाइल कॅमेरा आल्यावर आणि आता एआय नुसतं वाक्य लिहून चित्र काढून देतं तेव्हा स्टॉक फोटोवाल्यांची जी गत होतेय, तीच. फोटो काढणं सोपं झालं की साठा असणाऱ्याची किंमत उतरते.

तरी शेवटपर्यंत काम चालूच होतं. १९०२ मध्ये लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत तो फोटो यांचाच. राज्यकर्त्यांच्या शिकारीचा विषय निघाला की तो हमखास छापतात, आणि खाली फोटो कोणाचा ते बऱ्याचदा नसतं. १९०३ च्या दिल्ली दरबारातही फर्मचा कॅमेरा होता. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला आणि ५ जुलै १९०५ रोजी स्वतः दीनदयाळ गेले. मागे राहिला दुसरा मुलगा ग्यानचंद आणि खोक्यांत भरलेल्या हजारो काचा.

काच म्हणजे काच. फुटते, बुरशी धरते. यातल्या किती फुटल्या याची गणती नाही. त्या काळी जुन्या प्लेट्स खरवडून काच परत वापरायची किंवा खिडकीला लावायची पद्धतही जगात सगळीकडे होती. पण दीनदयाळांच्या घरच्यांनी बऱ्याच काचा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्याकडून २,८५७ निगेटिव्ह घेतल्या. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली होती, म्हणजे कायद्याने ते फोटो कोणीही छापावेत. तरीसुद्धा काचांना किंमत आली, कारण मूळ काच एकच असते आणि ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच असते. २०१० साली केंद्राने त्यातल्या फोटोंचं दिल्लीत प्रदर्शन भरवलं. त्याआधी २००६ मध्ये पोस्ट खात्याने त्यांच्या नावाचं ५ रुपयांचं तिकीट काढलं होतं. लायब्ररीत दीनदयाळांच्या फोटोंचं पुस्तक मिळालं तर बघा, आणि आधी सांचीचं पान काढा.