टॉमस गॅलॉडेट : हातांनीं बोलणारे उपदेशक

गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरतो, हें म्हसा येथील जत्रेस जाणाऱ्या आपल्या लोकांस सांगावयास नको. तोंडानें शब्द न काढतां सौदा पुरा होतो. परंतु गांवांतील बहिऱ्या मुलाशींहि हातांनीं बोलतां येईल, हें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. ज्यांच्या मनांत तें आलें, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र येथें देत आहों.

टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांचा जन्म ता. १० डिसेंबर १७८७ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. येल कॉलेजांतील शिक्षणानंतर त्यांनीं अँडोव्हर येथील सेमिनरींत धर्मशिक्षण घेतलें. १८१३ सालीं मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनाचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हेहि तेथीलच विद्यार्थी होते.

१८१४ सालीं गॅलॉडेट हार्टफोर्ड गांवीं आपल्या घरीं आले असतां, शेजारच्या डॉ. कॉग्सवेल यांची सुमारें नऊ वर्षांची कन्या ॲलिस त्यांच्या दृष्टीस पडली. बालपणींच तापानें तिची श्रवणशक्ति गेली होती. त्यांनीं तिला आपली टोपी दाखविली, व काठीनें जमिनीवर तो शब्द लिहिला. पुनः पुनः तसें केल्यावर, तीं अक्षरें म्हणजेच ही टोपी, हें तिला उमगलें. मुलीची बुद्धि शाबूत होती. तिच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी बंद होती.

डॉक्टरांनीं व इतर गृहस्थांनीं वर्गणी जमवून १८१५ सालीं गॅलॉडेट यांस यूरोपास पाठविलें. ब्रिटनमध्यें अशा शाळा चालविणाऱ्या कुटुंबानें आपली पद्धत गुप्त ठेवण्याची अट घातली. ती न मानतां ते पॅरिस येथील शाळेंत गेले. तेथें खुणांच्या भाषेनें शिकवीत. तेथील शिक्षक लॉरां क्लेर्क हे स्वतः बहिरे होते. १८१६ सालीं दोघे मिळून अमेरिकेस निघाले. ५२ दिवसांच्या समुद्रप्रवासांत एकानें दुसऱ्यास खुणा शिकविल्या, दुसऱ्यानें पहिल्यास इंग्रजी. ता. १५ एप्रिल १८१७ रोजीं हार्टफोर्ड येथें शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत ॲलिस होती.

१८२१ सालीं त्यांनीं शाळेच्या माजी विद्यार्थिनी सोफिया फाउलर यांच्याशीं विवाह केला. त्या जन्मापासून बहिऱ्या होत्या. त्यांस आठ अपत्यें झालीं. आईच्या मांडीवरच त्या लेकरांनीं खुणा उचलल्या. त्यामुळें त्यांची जीभ अडली काय? मुळींच नाहीं. थोरले टॉमस धर्मोपदेशक झाले व १८५२ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं बहिऱ्यांची मंडळी स्थापिली. धाकटे एडवर्ड हे १८६४ सालीं वॉशिंग्टन येथें निघालेल्या बहिऱ्यांच्या कॉलेजाचे प्रमुख झाले. दोघेहि मुखानें बोलत, तसेच हातांनींहि बोलत. पिता मात्र ता. १० सप्टेंबर १८५१ रोजींच निवर्तले होते.

मातापित्यांनो, खुणा शिकविल्यास मूल बोलावयाचें राहील, ही भीति सोडा. बोबडे बोल फुटण्यापूर्वींच तान्हें मूल बोट दाखवितें, टाटा करितें. ज्याची समज सावकाश वाढते, किंवा ज्याची जीभ वळत नाहीं, त्या लेकरासहि पाणी, भूक, दुखणें यांची एकेक खूण मिळाली, तर त्याचें रडणें व हट्ट पुष्कळ कमी होतात. मात्र घरांतील सर्वांनीं तीच खूण करावी, व करितांना तोंडानेंहि तो शब्द बोलावा.

आपल्या देशाची स्वतःची खुणांची भाषा आहे, व २०१६ च्या कायद्यानें तिची दखल घेतली आहे. ओसरीवर एकटें बसलेलें तें मूल वेडें नाहीं. त्याच्याजवळ बसून जमिनीवर पहिलें अक्षर कोण काढील, याचीच तें वाट पाहात आहे.