मेजर मँटचं कॅल्क्युलेशन

स्ट्रेंथच्या पेपरच्या आदल्या रात्री अर्ध्या हॉस्टेलला एकच स्वप्न पडतं. आपण डिझाइन केलेली बिल्डिंग धाडकन कोसळली! हेच स्वप्न ज्यांना जागेपणी पडलं, त्या इंजिनीअरची ही गोष्ट.

मेजर चार्ल्स मँट यांचा जन्म १८३९ चा. इंग्रज फौजेच्या रॉयल इंजिनीअर्समध्ये भरती होऊन ते हिंदुस्थानात आले. फौजी इंजिनीअरचं काम म्हणजे बराकी, रस्ते, पूल. पण मँट साहेबांचा जीव अडकला आपल्याकडच्या घुमटांत, छत्र्यांत आणि जाळ्यांत. कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२-७६) त्यांचाच. आज तिथे म्युझियम आहे.

तेव्हा इंग्लंडातल्या सरदारांचे खेड्यांत प्रचंड वाडे असत. मोठं डायनिंग हॉल, बिलियर्ड रूम, लायब्ररी, भोवती मैलभर हिरवळ. आपल्या राजेलोकांनाही तसा थाट हवा होता, पण चेहरा मात्र देशी पाहिजे. मँट साहेबांनी तेच केलं. आतला प्लॅन बराचसा इंग्रजी वाड्याचा आणि बाहेर घुमट, झरोके, कमानी. कोल्हापूरचा नवा राजवाडा बघा. काळा पाषाण आणि मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा.

सगळ्यात मोठं काम बडोद्याचं. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा, बारा वर्षांचा, १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाला. त्याच्यासाठी १८७८ च्या सुमारास लक्ष्मीविलास पॅलेसचं काम निघालं. दरबार हॉल, जनानखाना आणि या सगळ्यावर उंच मनोरा.

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. आमच्या भोकरदनकडे जुनी घरं धाब्याची. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. मिस्त्रीला शंका आली तर तो भिंत वीतभर जाड करणार आणि निवांत झोपणार. मँट साहेबांना ती सोय नव्हती. स्टील फ्रेम नाही, सगळा भार दगड-विटांच्या भिंतींतून थेट पायात. मनोरा जड, शेजारची विंग हलकी. पाया कमी-जास्त खचला तर दोघांच्या सांध्यात तडा ठरलेला. आपला हिशोब चुकलाय, हे वाडे पडणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातच डोक्यावर परिणाम झाला असं सांगतात. १८८१ मध्ये ते गेले. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. सयाजीरावांच्या हाती कारभार आला तो त्याच वर्षी.

तेव्हा कोल्हापूर, बडोदा आणि अजमेरचं मेयो कॉलेज, तिन्ही कामं अर्धवट होती. कोल्हापूरचा वाडा १८८४ मध्ये पुरा झाला. बडोद्याचं काम रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतलं आणि १८९० मध्ये संपवलं. मला विचाराल तर खरी हिंमत चिझम साहेबांची. ज्या ड्रॉइंगवर ती काढणाऱ्याचाच विश्वास उरला नव्हता, त्यावर पुढचे मजले चढवायचे म्हणजे काय खायचं काम नाही!

१९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, २००१ मध्ये भूजचा. कोल्हापूरचा वाडा उभा आहे, बडोद्याचाही उभा आहे. मनोऱ्यांसकट.