साताऱ्याहून परत फिरलेला विद्यार्थी

पुनावळ्यास कीर्तन आटोपून आम्ही टेकलो, तोच एक आजी नातवाला पाया पडावयास घेऊन आली. मुलगा दहावीत नापास झालेला. पुस्तकास हात लावीत नाही, मान वर करीत नाही, हे आजीचे गाऱ्हाणे. उपदेश त्याला घरी पुष्कळ झाला होता. त्यात आमची भर कशाला? आम्ही त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकिकत तेवढी सांगितली.

कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा, घर कोकणातील मुरूडचे. घरी गरिबी. मुलगा लाजाळू. पण गावच्या शाळेत विनायक लक्ष्मण सोमण नावाचे शिक्षक लाभले. ते पोराला देवळात बसवून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावयास लावीत. चार माणसांत तोंड उघडण्याचे धैर्य तिथे आले. आपल्यावर कोणी विश्वास टाकतो आहे, हे मुलाला कळले म्हणजे निम्मा अभ्यास होतो, असे आमचे मत आहे.

१८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास जावे लागले. शंभर मैलांहून अधिक वाट, मधे सह्याद्री. धोंडू पायी निघाला, घाट चढून साताऱ्यास पोचला. परीक्षेस सतरा वर्षे पुरी लागत, ती झाली होती. पण मूर्ती लहान! परीक्षकांना वय खरे वाटेना. पेपर हाती न देताच त्यांनी मुलाला परत लावले.

वारकरी मंडळींनी याचा नीट विचार करावा. पंढरीस जाताना दिंडी असते, टाळ असतो, पाय आपोआप उचलतात. परतीची वाट तेवढीच, पण किती लांब वाटते! आपल्याला निदान दर्शन तरी झालेले असते. हा तर दारातूनच फिरला होता.

पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्याने तीच परीक्षा दिली व उत्तीर्ण झाला. मग इंग्रजीची ओढ लागली. मुंबईत शिकवण्या करून पोट भरले आणि १८८१ साली मॅट्रिक झाला. वय तेवीस! बरोबरीचे लोक तोवर संसाराला लागले होते. १८८४ साली गणित घेऊन बी. ए., आणि १८९१ साली पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक. टिळकांनी सोडलेली ती जागा, आणि बोलावणे गोखल्यांचे.

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांस वाळीत टाकले. टाकणारे आमच्यासारखेच शास्त्र पढलेले होते, हे लिहिताना आम्हास लाज वाटते. पण अण्णा थांबले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्यास गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून हा गृहस्थ संध्याकाळी पायी हिंगणे गाठी, आश्रमातल्या मुलींना शिकवावयास. चालण्याची सवय जुनीच! १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. १९६२ साली देह ठेवला.

असो. पोराने सारे मुकाट ऐकले. मॅट्रिकच्या वेळचे वय मात्र पुन्हा विचारले. आम्ही सांगितले, तेवीस. तो स्वतः सोळाचा. तेवढ्यात पंगत बसली आणि आजी त्याला घेऊन उठली.