चित्रावर मत आणि सुकुमार सेन

निवडणूक जवळ आली की आपल्या बेटावरच्या भिंती आणि खांब पोस्टरांनी भरून जातात. किल्ली, हृदय, कोंबडा ही चित्रे लहान मुलेही ओळखतात. भारतात अशाच चित्रांवर ज्यांनी सारी निवडणूक उभी केली, त्या सुकुमार सेन यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

सेन बंगालचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात व पुढे लंडनला शिकले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. सनदी नोकरीत चढत ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पंडित नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन यांनी त्यांना थांबायला लावले.

कारण काम अफाट होते. सतरा कोटींहून अधिक मतदार, आणि शंभरांतल्या ऐंशीहून अधिकांना अक्षरओळख नाही! आपल्या मॉरिशसमध्ये १९४८ साली साधे लिहिता-वाचता येणाऱ्यांनाच मत मिळाले. सर्व प्रौढांनी मत दिले ते १९५९ मध्ये. भारताने तशी अट घातलीच नाही. मग निरक्षर माणसाने उमेदवार ओळखायचा कसा?

उत्तर होते चित्र. काँग्रेसला बैलजोडी, समाजवाद्यांना झाड, जनसंघाला दिवा, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही, आपल्या चित्राच्या पेटीत ती टाकायची. असे झाल्यावर भिंतीवरचे पोस्टर म्हणजे नुसती जाहिरात राहिली नाही. बाजारात पाहिलेला बैल पेटीवर दिसला की हात बरोबर तिथे जाई. पक्षांनी एक भिंत सोडली नाही. कलकत्त्यात तर मोकाट गायींच्या पाठीवर काँग्रेससाठी मते मागणारी बंगाली अक्षरे रंगविली होती. गायींना मताधिकार असता तर त्यांनी बैलजोडीलाच मत दिले असते, असे आम्हांला वाटते!

एका गोष्टीत सेन फार कडक राहिले. उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच नोंद केली होती. सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून काढली. त्या बायांचे मत त्या वेळी गेलेच, आणि ते आम्हांला आजही बोचते. मात्र चित्राने मत देता येते, नावाशिवाय नाही, ही त्यांची भूमिका आम्हांला पटते. पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांनी आपली नावे नोंदविली.

ऑक्टोबर १९५१ मध्ये हिमाचलच्या डोंगरांत सुरू झालेले मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले. १९५३ मध्ये सुदानने निवडणुकीसाठी सेन यांनाच बोलाविले. १९५७ ची भारतीय निवडणूकही त्यांनीच पार पाडली, आणि जपून ठेवलेल्या जुन्या लोखंडी पेट्या पुन्हा वापरून पैसे वाचविले. १९६० मध्ये ते बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.