भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रसारक होते. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे तीर्थक्षेत्र त्याहून वेगळे होय.

जीवन
भवानरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवीपर्यंत शिक्षण घेतले. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९३९ साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली नवी राज्यघटना लागू करून त्यांनी राज्यकारभार लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

व्यायामविषयक कार्य
तरुणपणी त्यांनी यूजीन सँडो यांच्या पद्धतीने, साधनांच्या साहाय्याने, सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने, वयाच्या चाळिशीच्या सुमारास, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि तो त्यांचा नित्यक्रम बनला. या व्यायामाला साधने लागत नाहीत, जागाही अंगापुरती पुरते. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, हातापायांवर शरीराचा भार येतो आणि श्वासाला लय मिळते. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. हा व्यायाम केवळ तरुण पुरुषांसाठी नसून स्त्रियांसाठी व वयस्कांसाठीही आहे, असा त्यांचा आग्रह होता.

१९३६ साली ते इंग्लंडला गेले असता ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पत्रकार लुईज मॉर्गन त्यांच्या प्रकृतीने प्रभावित झाल्या. मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नियमित व्यायामाने तारुण्यातील जोम उतारवयातही टिकविता येतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

मूल्यमापन
भवानरावांचा आधार मुख्यतः स्वतःच्या, कुटुंबीयांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अनुभवाचा होता. त्यामुळे अनेक रोग बरे होण्याविषयीचे त्यांचे दावे वैद्यकीय कसोटीवर सिद्ध झालेले मानता येत नाहीत. मात्र वाढत्या वयात स्नायूंची शक्ती, सांध्यांची लवचिकता व शरीराचा तोल टिकविण्यास नियमित व्यायाम उपयुक्त ठरतो, हे आधुनिक वैद्यकाने मान्य केले आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे व मनगटाचे दुखणे असलेल्या वृद्धांनी वैद्यकीय सल्ल्यानेच सूर्यनमस्कार घालणे इष्ट असते.

वारसा
१९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या ८२व्या वर्षी, भवानरावांचे निधन झाले. त्यांनी औंध येथे उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आजही पाहावयास मिळते. महाराष्ट्रातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविण्याच्या प्रयत्नांत त्यांचे कार्य अग्रेसर मानले जाते.