आरंभाच्या आधी काय होते? एका पाद्र्याची साक्ष

प्रबोधनाच्या सभांत, जयंतीच्या व्याख्यानमालांत एक प्रश्न हमखास येतो. विश्व महास्फोटातून झाले असे तुम्ही म्हणता, तर त्या स्फोटाच्या आधी काय होते? प्रश्न वरवर विज्ञानाचा दिसतो, पण विचारणाऱ्याचे उत्तर आधीच तयार असते. काहीच नव्हते म्हणा, की तो म्हणतो, म्हणजे कोणीतरी निर्माण केले. काहीतरी होते म्हणा, की तो म्हणतो, तोच ईश्वर! निकालपत्र आधी लिहून ठेवलेला खटला कसा चालतो, हे आम्हा वकिलांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पण या प्रश्नाला सामोरे जाण्याआधी कोणाचे चरित्र वाचावे, असे कार्यकर्त्यांनी विचारले तर आम्ही नाव सांगू ते एका ख्रिस्ती पाद्र्याचे. होय, पाद्र्याचेच! कारण विश्वाला आरंभ असावा, हे भौतिकशास्त्राच्या भाषेत प्रथम मांडले ते त्यानेच.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या कोळशाच्या आणि काचेच्या उद्योगाच्या शहरात झाला. वडिलांचा काचेचा कारखाना आगीत गेला आणि कुटुंब ब्रुसेल्सला आले. लमेत्र ल्यूवेन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत असतानाच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. वीस वर्षांचा हा तरुण सैन्यात गेला, तोफखान्यात लढला, शौर्यपदक घेऊन परतला. परतल्यावर मात्र अभियांत्रिकी सोडली. १९२० साली गणितात डॉक्टरेट मिळवली आणि १९२३ साली पाद्रीपदाची दीक्षा घेतली. त्यानंतर केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे आणि अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत शॅपली यांच्याकडे त्यांनी खगोलशास्त्राचे धडे घेतले. १९२५ पासून ते ल्यूवेनला शिकवू लागले. अंगावर झगा पाद्र्याचा, हाती खडू प्राध्यापकाचा.

१९२७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व निघते आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात त्याचे कारण हेच, असे त्यात होते. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा वेग अधिक. त्या वेगाचा आकडाही त्यांनी उपलब्ध नोंदींवरून काढला. पण निबंध फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या नियतकालिकात. वाचतो कोण? त्याच वर्षी ब्रुसेल्समधील सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन भेटले. गणित बरोबर आहे पण त्यामागचे भौतिकशास्त्र आपल्याला मुळीच मान्य नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. असेच गणित रशियाच्या फ्रीडमन यांनी १९२२ सालीच मांडले होते, हेही लमेत्रना तेव्हाच कळले.

१९२९ साली अमेरिकेच्या हबल यांनी तोच संबंध निरीक्षणांतून प्रसिद्ध केला आणि नियमाला हबल यांचे नाव पडले. १९३१ साली लमेत्रच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात नेमका तो आकड्याचा भाग गाळलेला होता. कोणीतरी कात्री लावली असा संशय पुढे बोलला जाऊ लागला. २०११ साली जुन्या दप्तरातील पत्र पुढे आले आणि कळले की भाषांतर लमेत्र यांनी स्वतःच केले होते आणि तो भाग जुना झाला म्हणून स्वतःच वगळला होता. कागद पाहिल्याशिवाय आरोप करू नये, ते यासाठी. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी मतदान करून या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली.

आता मूळ प्रश्न. मे १९३१ मध्ये नेचर या नियतकालिकात लमेत्र यांचे एक छोटेसे पत्र छापून आले, जेमतेम साडेचारशे शब्दांचे. प्रसरण पावणारे विश्व मागे मागे नेले तर सगळे द्रव्य, सगळी ऊर्जा एकाच मूळ कणात, एका आदिअणूत एकवटते. तो फुटला आणि विश्व सुरू झाले. मग त्याच्या आधी काय? लमेत्र यांचे उत्तर असे की कण एकच असेल तेव्हा अवकाश आणि काळ या शब्दांना अर्थच उरत नाही. एका माणसाची रांग होत नाही. पुढचा-मागचा म्हणायला निदान दोघे लागतात. तो कण विभागल्यावरच आधी आणि नंतर हे शब्द वापरता येतात. म्हणजे स्फोटाआधी काय, हा प्रश्न फेटाळला गेला तो उत्तर नाही म्हणून नव्हे, तर त्या जागी आधी या शब्दाला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून!

आणि एक गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते. त्या पत्राच्या मसुद्यात शेवटी ईश्वराचा उल्लेख होता. पत्र पाठवण्यापूर्वी लमेत्र यांनी त्यावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. श्रद्धा सोडली नाही, पण तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही.

विरोध तरी झालाच. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी आरंभच नसलेल्या स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला. महास्फोट हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवर दिले. हॉइल यांना आरंभाच्या कल्पनेत धर्माचा वास येत असे. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर पुढे याच हॉइल यांचे सहकारी झाले आणि आरंभ नाकारण्याची बाजू त्यांनी आयुष्यभर युक्तिवादाने लढवली. २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. पुरावे त्यांच्या विरोधात गेले असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात, पण पुराव्यांशी त्यांनी कधी दांडगाई केली नाही.

त्या संशयाला बळ दिले ते खुद्द पोपनी. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोममध्ये विज्ञान अकादमीपुढे भाषण केले आणि आधुनिक विज्ञानाने निर्मितीची, पर्यायाने निर्मात्याची साक्ष दिली असा अर्थ लावला. लमेत्र त्याच अकादमीचे सदस्य. स्वतःचा सिद्धांत, स्वतःचा धर्मगुरू, आणि टाळ्या वाजवण्याची आयती संधी! पण हे पाद्री अस्वस्थ झाले. पोपच्या विज्ञान सल्लागाराची त्यांनी गाठ घेतली. १९५२ साली रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांच्या बाहेर आहे, नास्तिकालाही तो तितकाच खुला आहे, ही भूमिका लमेत्र यांनी कायम ठेवली.

हे आम्ही का सांगतो? वेदांत महास्फोट शोधणाऱ्यांना आपण हसतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यापैकीही काही उत्साही मंडळी महास्फोट बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितला असे व्यासपीठावरून ठोकून देतात. बांधवांनो, हे पोप पायस यांचेच काम झाले, फक्त चीवर घालून! लोक शाश्वत की अशाश्वत, हा प्रश्न मालुंक्यपुत्ताने बुद्धाला विचारला होता. बुद्धाने तो अनुत्तरित ठेवला, कारण दुःखमुक्तीसाठी त्याचा उपयोग नव्हता. डॉ. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात ईश्वराने शून्यातून निर्माण केले की कशातून, असा उलटतपासणीचा पेच टाकून निर्मात्याचा दावा तपासला आहे. तिथे भौतिकशास्त्राचे प्रमाणपत्र त्यांना लागले नाही. आपल्याला का लागावे?

लमेत्र सगळीकडे बरोबर होते असे नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण हे आदिअणूचे अवशेष आहेत असे त्यांना वाटे; ते चुकीचे ठरले. पण समीकरणातील जो स्थिरांक आइन्स्टाइननी टाकून दिला, तो त्यांनी हट्टाने ठेवला आणि १९९८ साली विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसल्यावर तो पुन्हा कामी आला. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याच्या पलीकडे काळ होता की नव्हता, यावर अनेक प्रतिस्पर्धी कल्पना आहेत आणि पुरावा कोणाच्याच बाजूने पुरेसा नाही. प्रकरण प्रलंबित आहे.

१९६४ च्या अखेरीस लमेत्र यांना हृदयविकाराचा झटका आला. १९६५ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे क्षीण सूक्ष्मतरंग टिपल्याचे प्रसिद्ध झाले. विश्वाच्या तप्त बालपणाचा खरा अवशेष हा होता. त्यांचे सहकारी गोदार यांनी ती बातमी आजारी लमेत्र यांच्या कानी घातली. थोड्याच दिवसांनी, २० जून १९६६ रोजी, ल्यूवेनमध्ये त्यांचे निधन झाले.