नजर अधू झाली, गाणं मिळालं

आपल्या शहरात प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द बऱ्याच घरांत ऐकू येतात. गाण्याची नाहीतर तबल्याची परीक्षा देणारी एखादी मैत्रीण तुमच्याही वर्गात असेल. पण वही-पुस्तक घेऊन, फी भरून, वर्गात बसून गाणं शिकता येतं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला सहज पटलं नसतं. ते पटवून देण्यात पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी अख्खं आयुष्य घातलं.

जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाला आणि नजर कायमची अधू झाली. शाळा सुटली. पुस्तक वाचता येत नाही, तर मुलानं करायचं काय? गळा चांगला होता, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवलं. तिथं वर्षानुवर्षं रियाज. अभ्यास बंद पडलाच नाही म्हणायचा, फक्त विषय बदलला!

मिरजेतच एक गोष्ट त्यांना लागली. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, त्यांच्या गुरूंना मात्र नाही. गवयाला कशाला बोलवायचं, अशी तेव्हाची समजूत. त्यांचे चरित्रकार सांगतात, हा अपमान ते विसरले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. एखाद्या राजाच्या मर्जीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या कमाईवर. घराण्यातच राहणारी विद्या आता कुणाच्याही मुलाला खुली झाली. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं छापली. ज्याला स्वतःला नीट वाचता येत नव्हतं, त्यानं इतरांसाठी पुस्तकं काढावीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. होतकरू मुलांना ठेवून घेऊन शिकवायचं आणि पुढे त्यांनीच शिक्षक व्हायचं, अशीही सोय होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांच्याच शिष्यांतली नावं.

पैशाचं गणित मात्र जमलं नाही. १९०८ मध्ये मुंबईत शाळा काढली, कर्ज काढून इमारत बांधली. ती पुढे लिलावात गेली. शेवटची वर्षं नाशिकला रामनामात गेली. ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेत ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमची मैत्रीण परीक्षेचा फॉर्म भरते, तो बहुधा याच मंडळाचा.